एक बाजू मोकळी

कोयता म्हणजे तुमाले लोखंडाचं हत्यार वाटत असन. आमच्या तांड्यात कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादम इचारते, "यंदा किती कोयते?" म्हणजे जोड्या किती. नवरा एकटा गेला तर तो अर्धा कोयता, अन् अर्ध्याले कोणी गाडीत बसवत नाई. माहा सासरा वारला तवा माही सासू हिरीबाई अशी अर्धी झाली. घरात नवा कोयता पाह्यजे म्हणून घाईघाईनं पोराचं लगन लावलं अन् मले आणलं. हळद निघाली नव्हती अन् मी उसात. तवापासून दरसाल दिवाळी झाली की गाडी येते अन् मी चढते. मले कोणी इचारत नाई, अन् इचारलं असतं तरी मी काय सांगतलं असतं.

मी संगीता. किन्हीराजा सोडून माळाकडं वळलं की आमचा तांडा लागते. घरात आमची बोली गोरमाटी, पण तुमाले समजलं पाह्यजे म्हणून अशी सांगून राह्यली. राजपाल माह्या नवऱ्याचं नाव. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण दिवसभर एका सरीत वाकून संग ऊस तोडला की नावाची लाज राह्यत नाई, मी घेते. आमाले दोन लेकरं, अंजू अकरा वर्साची अन् पवन तीनचा.

अंजू चालाले शिकली ते उसाच्या सरीत. तिच्या बरोबरच्या पोट्ट्या शाळेत पाढे म्हणत, तवा ही फडाच्या काठावर कोपीत बसून भावाले खेळवे. कोपी म्हणजे पाचटाचं अन् ताडपत्रीचं खोपटं. उन्हाळ्यात परत आली की तिले शाळेतलं पुढचं समजे नाई अन् मागचं आठवे नाई. अजून दोन-तीन वर्सं असं चाललं असतं तर तिलेबी कोणी कोयता पुरा कराले मागून नेलं असतं. माह्या मनात एवढी एकच गोष्ट होती, की माही पोट्टी कोयता झाली नाई पाह्यजे. माहं जे झालं ते झालं.

यंदा शाळेतल्या शुभांगी मॅडमनं तांड्यावर येऊन सांगतलं, की ज्याचे मायबाप उसाले जातात ते लेकरं मागं ठेवा, आजीजवळ राहू द्या, दोन्ही टाइमाचं जेवण शाळेत होईन, यालेच वसतिगृह म्हणतात. मॅडम वाशीमच्या. त्यायचे वडील शालिकराम भाजी पिकवतात, म्हणून मॅडमच्या स्कुटीच्या डिक्कीत कधी वांगे असतात तर कधी लेकरांचे पुस्तकं. मी राजपालच्या मागं लागली. तो म्हणे पवनले कोण पाहीन. मी म्हटलं पाठीशी बांधीन. तो म्हणे सैपाक कोण करीन. मी म्हटलं मी मेली का. नवरात्रभर मी घरात भांडे आदळले, शेवटी दसऱ्याच्या दिवशी तो म्हणे, "राहू दे बावा तिले, पण काही भानगड झाली तर माह्या संग गाडीत." मी हो म्हटलं. अंजूसारखी गरीब पोट्टी काय भानगड करीन, मले वाटलं.

पण पुस्तकाचं मी धरलंच नव्हतं.

पोळ्याच्या आसपास मॅडमनं एक मोठं चित्राचं पुस्तक वर्गात वाचलं होतं अन् मंग एकेकाले घरी न्यायाले देलं. अंजूची पाळी आली ती सोयाबीन सोंगाच्या दिवसात. मी चुलीपुढं भाकरी थापून राह्यली होती. पोट्टीनं पुस्तक माह्या परातीपुढं उघडलं.

"याडी, पाह्य," ती म्हणे. आमच्यात आईले याडी म्हणतात. "हे पावसाचं रान हाय. इथं रोज पाऊस पडते. झाडं इतके दाट की खाली उजेडच येत नाई."

मी पाह्यलं. पानभर हिरवं. आत अंधार, खाली ओल, लाल डोळ्याचं बेडूक, एक आळशी जनावर उलटं लटकून राह्यलं होतं, त्याले पाहून हिरीबाई म्हणे हा तर माहा लेक. आमी हासलो. मंग अंजूनं पुढचे पानं उलटले. तिथं माणसं आले होते, हातात धारेचे हत्यारं. चारी बाजूनं झाडं आडवे पडले होते, अन् मधात जो एक तुकडा उरला होता त्यात सारे जनावरं एकमेकाले चिकटून उभे. त्यायचे डोळे कोणी असे चितारले होते माहीत नाई, पण मले त्या पानावर जास्त येळ पाहवलं नाई.

"याडी, हा आपला ऊस हाय," अंजू म्हणे.

माह्या हातावर भाकरी होती. मी म्हटलं, "हो वं माय, तोच असन."

तुमी हासान. पण पोट्टीनं दुसरं कोणतं रान पाह्यलं होतं? आमच्या माळावर सागाचे चार झाडं, तेबी होळीपर्यंत उघडे बोडखे. डोक्यावर मिटून जाणारं हिरवं, आत गेलं की दिवसा अंधार, पायाखाली चिखल, साप, ससे, रानडुकर, हे तिनं एकाच ठिकाणी पाह्यलं, उसात. अन् मधातला उरलेला तुकडाबी तिनं पाह्यला होता. मागच्या साली आमच्या टोळीनं एक फड चारी कडून तोडत आणला. शेवटी अंगणाएवढा ऊस उरला. त्यात रानमांजर होती, पिल्लं घेऊन. तिनं एक पिल्लू तोंडात धरलं, पण जिकडं जाये तिकडं माणसं उभे. इकडून निघे, तिकडं शिरे. शेवटी लोकायच्या पायातून सडकीकडं पळाली अन् परत आलीच नाई. उरलेलं एक पिल्लू अंजूनं कोपीत आणलं, पवनच्या वाटीतून त्याले दूध पाजलं. ते मेलं. तवा ती काही बोलली नव्हती. मीबी नाई. दुसऱ्या दिवशी दुसरा फड होता.

पुस्तक वाचलं त्या दिवसापासून ती बोलाले लागली. जेवता जेवता बापाले म्हणे, "बा, तुमी रान कापता."

राजपाल पयले हासला. "तुह्या मॅडमले म्हणावं, साखर घालून चहा नोको पिऊ."

"मॅडम म्हणतात, ज्याचं घर जाते त्याले कोणी इचारत नाई."

"आमाले तरी कोण इचारते?" राजपालनं ताट सरकवलं. "ज्या उसावर पोट भरते त्याच उसाले रान म्हणते. ह्या पुस्तकानं पोट्टीचं डोकं फिरवलं. संगीता, तिले आवर, नाईतर शाळा गेली चुलीत."

मी तिले आवरलं. म्हणजे काय केलं, तर डोळे मोठे केले. ऊस माणूसच लावते, कापला की फुटवा येते, त्यातून पुन्हा ऊस होते, हे सांगाची मले अक्कल होती, पण कंबर दुखून राह्यली होती अन् दुसऱ्या दिवशी सोंगाले जायचं होतं.

दिवाळी झाली. गाडी येण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या तांड्यात सारे कोयते सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर मांडतात. लोहारानं धार लावलेले, मुठीले चिंध्या गुंडाळलेले. नायक, म्हणजे तांड्याचा मुख्या, भोग लावते, अरदास म्हणजे प्रार्थना होते, गोड कडाव प्रसाद म्हणून वाटते, अन् कोयते रातभर देवाजवळच राह्यतात. सकाळी ज्याचा तो उचलते अन् गाडीत चढते. देवाजवळच्या कोयत्यावर पाहारा कोण ठेवते. आजवर कोणी एक चिंधी उचलली नव्हती.

सकाळी ओटा रिकामा.

गाडी उभी होती. ताडपत्र्या, गाठोडे, भांडे, कोंबड्यासुदिक चढल्या होत्या. मुकादम उदयसिंग नात्यानं माहे चुलत सासरे. धिप्पाड माणूस. देवळाच्या बाजूले त्यायच्या सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुश्याचा, ढीग हाय, घराएवढा. त्या ढिगाले पाठ लावून ते बसले अन् म्हणे, "कोयते आले नाई तोवर कोणी हालायचं नाई. तिकडं दुसऱ्या टोळ्या फडात उतरून राह्यल्या. आज गाडी गेली नाई तर आपला फड दुसऱ्याले." माणसं इकडं तिकडं धुंडाळत होते, नाल्यात, विहिरीत, गोठ्यात. कोणी म्हणे बाहेरचा चोर. कोणी म्हणे चोर एवढे भारी भांडे सोडून कोयते कायले नेईन.

तवा राजपाल बोलला. हळूच बोलला, म्हणून साऱ्यायनं आयकलं. "चोर नाई. लेकराचं काम हाय. अन् माह्या पोट्टीचं असलं तर ती आत्ताच गाडीत. शाळा बंद, वसतिगृह बंद. बोललो तसं करीन."

अंजू देवळाच्या कोपऱ्यात उभी होती. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. थंडी एवढी नव्हती.

मी तिले घरामागं नेलं. ओढणी सोडली. तळहातावर आडवा वार, रगत सुकलेलं. ताज्या धारेचा वार कसा दिसते हे मले कोणी शिकवाची गरज नाई, माह्या दोन्ही हातावर जुने हायत.

"कोयते कुठं हायत?" मी म्हटलं.

तिनं हात पुन्हा ओढणीत लपवला. मी तिच्या पाठीत एक देली. मले राग आला होता, खरं सांगते. एवढ्या मुश्किलीनं मी तिच्यासाठी दार उघडलं अन् तिनंच त्याले लाथ मारली.

"कुटारात," ती म्हणे. "मुकादम आजोबाच्या. पहाटे आणून आणून आत खुपसले. दप्तरात घालून." मंग म्हणे, "याडी, कोयते नसले तर तुमी नाई जाणार ना. मंग मांजर वाचीन. अन् तू इथंच राह्यशीन."

ते शेवटचं आयकून माहा हात पुन्हा उठला नाई.

आता पाहा माही गत. उदयसिंग काका त्याच ढिगाले टेकून बसले होते. चोरून काढाचे म्हटलं तर सारा तांडा तिथं. सांगितलं तर अंजू गाडीत, अन् गाडीत एकदा चढलेली पोट्टी कुठं उतरते हे मी माह्यावरून जाणत होती. नाई सांगितलं तर आज फड जाईन, साऱ्या तांड्याचं वरीस जाईन, अन् दुपारपर्यंत कोणाचं तरी ढोर कुटार खायाले तोंड घालीन अन् कोयता बाहेर पडीन. मंग अंजूचा हात कोणीबी पाहीन. इकडं आड तिकडं इहीर म्हणतात, माह्यासाठी तर चारी कडून इहीरच होती. त्या मांजराची आठवण मले तवा आली. तिले निदान पिल्लू तोंडात धरता येत होतं.

तेवढ्यात मॅडमची स्कुटी आली. वसतिगृहाचा पहिला दिवस होता, म्हणून लवकर आल्या होत्या. माणसायनं त्यायले घेरलं. कोणी म्हणे तुमच्या पुस्तकानं हे झालं. मॅडम हेल्मेट हातात घेऊन उभ्या, म्हणाल्या, "पुस्तक मी वाचलं, ते खरं. पण काय झालं ते तर सांगा." अन् त्यायचे डोळे लेकरात अंजूले शोधाले लागले. अजून थोड्या येळानं त्या तिच्याजवळ गेल्या असत्या, प्रेमानं म्हटलं असतं, "अंजू, हाताला काय झालं?" चांगली माणसं असेच घात करतात.

मी पुढं झाली. डोक्यावरचा पदर सारखा केला अन् ढिगाजवळ जाऊन म्हटलं, "काका, उठा. कोयते तुमच्या पाठीमागं हायत. मी लपवले."

राजपाल माह्याकडं पाहत राह्यला.

"तू?" उदयसिंग काका म्हणे. "काहून?"

काहूनचं उत्तर मी ठरवून आणलंच नव्हतं. तोंड उघडलं खोटं बोलाले, अन् निघालं ते असं, "मले जायचं नव्हतं."

आवाज माहाच होता पण मले ओळखू आला नाई. मी पुन्हा बोलली, आता थांबताच येईना. "मले जायचं नाई. मले कधीच जायचं नव्हतं. हळद अंगावर होती तवाबी नाई, पवन पोटात होता अन् मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीले लावलेल्या फळीवर चढली तवाबी नाई. एकदा तरी गाडी माह्याबिगर जावी म्हणून मी कोयते लपवले. बस."

कोणी हासलं नाई. बायका खाली पाहत होत्या. एकीनं डोळ्याले पदर लावला अन् लगेच काढला. हिरीबाई ओट्यावर बसली होती, तिनं जी मान खाली घातली ती वर केलीच नाई.

उदयसिंग काका उठले. पाठीले लागलेलं कुटार झटकलं. "तुले जायचं नाई म्हणून देवाजवळच्या कोयत्याले हात लावला. वरतून सारा तांडा खोळंबवला. यंदा गाडी भरताना पहिली मोळी तुही, पट्टा पडेपर्यंत. कोणी बदली देणार नाई." पट्टा पडणं म्हणजे कारखाना बंद होणं, उन्हाळा लागेपर्यंत. मी मान हालवली. राजपालले म्हणे, "अन् तू तुह्या बायकोले आवर."

मले वाटलं आता राजपालचा हात पडते. तो माह्याजवळ आला, अन् माह्या पाठीमागं उभ्या अंजूकडं पाह्यलं. तिच्या ओढणीकडं पाह्यलं. मंग ढिगाजवळ गुडघे टेकून कुटारात हात घातला अन् एकेक कोयता बाहेर काढाले लागला. एका कोयत्याच्या मुठीवर रगत होतं. ते त्यानं आपल्या धोतराले पुसलं अन् तो कोयता पयला गाडीत टाकला.

गाडीत चढाच्या आधी मॅडम माह्याजवळ आल्या. अंजूनं त्यायले रानाचं अन् मांजराचं सारं सांगतलं होतं, डोळ्यावरून दिसत होतं. "संगीताताई, माझंच चुकलं. ऊस म्हणजे ते रान नव्हे, हे मी सांगायला हवं होतं. मी तिला समजावीन."

"समजावा," मी म्हटलं. "पण मांजराचं तिचं खरं हाय. ते खोटं पाडू नोका."

अंजूचा बरा असलेला हात मॅडमनं धरला.

पवनले घेऊन मी वर चढली. आत बाया, गाठोडे, कोंबड्या, मधात पाय ठेवाले जागा नाई. माह्या बाजूले कोणी सरकून बसलं, कोणी पाणी पुढं केलं, पण मी जे बोलली त्यावर कोणी एक शब्द काढला नाई. मले जायचं नव्हतं हे मी साऱ्या तांड्यासमोर सांगतलं, अन् तरी मी गाडीतच होती. इतका राग आला ना मले. कोणावर काढू तेबी समजे नाई.

राजपाल चढला, माह्याजवळ दाटून बसला. मंग खाली पाहतच म्हणे, "पोट्टीच्या हाताले हळद लावली का?"

"लावली," मी म्हटलं. त्यानं मान हालवली अन् पवनले माह्याकडून घेतलं.

क्लिनर मागून आला तवा अंजू धावत गाडीजवळ आली. टाचा उंच करून तिनं काठाले धरलं. तिचा चेहरा तेवढा दिसत होता.

"याडी, शेवटचा तुकडा राहीन ना उसाचा, तवा एक बाजू मोकळी ठेवशीन? मांजर निघून जाईन."

"ठेवीन," मी म्हटलं.

"नक्की?"

"ठेवीन म्हटलं ना. जाय आता, शाळेची येळ झाली."

ती गेली. मॅडमच्या मागं, दप्तर पाठीवर, रिकामं झालेलं. एकदा वळली, मंग वळली नाई. मी ती शाळेच्या फाटकात जाईपर्यंत पाहत होती. क्लिनरनं गाडीचा मागचा फाळका वर केला अन् बाहेरून साखळी लावली.